रत्नागिरीच्या सड्यावर फिरायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की मेसेज सुरू होतात आणि गणपतीपर्यंत थांबत नाहीत. सड्यावर कधी यायचं, गाडी जाते का, फुलं कुठे दिसतील, साप असतात का, वगैरे. तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. शहराला अगदी लागून असलेल्या सड्यांचा विचार करून उत्तरं दिलीत, कारण संध्याकाळी चालायला, रविवारी पोरांना घेऊन माणसं तिथंच जातात आणि सगळ्यात जास्त ताण पण तिथंच पडतो.

१. सडा म्हणजे नक्की काय? माळरान आणि सडा एकच का?

समुद्राकडून चढायला लागलात की आधी पुळण (वाळूचा किनारा), मग वाडी, माडपोफळी, वर उतारावर आंबा-काजू, आणि पाखाडी (पायऱ्यांची वाट) संपते तिथं झाडं एकदम थांबतात आणि समोर सपाट कातळ पसरलेलं दिसतं, तो सडा. काही गावांत नुसतं कातळच म्हणतात. खालचा काळा दगड लाखो वर्षं उन्हापावसात झिजला, त्यातली सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो हा जांभा, म्हणून तो लाल आहे आणि त्याला भोकं आहेत. देशावरच्या माळाला निदान वीतभर तरी माती असते, इथं बऱ्याच ठिकाणी बोटभर पण नसते. सड्यावरची बाकी सगळी गंमत या मातीच्या टंचाईतूनच येते.

२. उन्हाळ्यात तर तिथं काहीच नसतं, पडीकच जमीन ना ती?

सातबाऱ्यावर बहुतेक वेळा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, असं लिहिलेलं असतं आणि तिथूनच हा गैरसमज पक्का होतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, त्यातलं बरंचसं पाणी सड्याच्या भेगांतून आणि भोकांतून आत मुरतं आणि खाली उताराला झऱ्याच्या रूपात बाहेर येतं. खालच्या वाडीतली विहीर, व्हाळ (ओढा), भाताची खाचरं, पोफळीचं शिंपणं हे सगळं वरच्या कातळाशी जोडलेलं आहे, वर काय केलं त्याचा हिशोब खाली फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतो. आणि उन्हाळ्यात काहीच नसतं हे पण खरं नाही, तेव्हा जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतात (प्रश्न १० बघा) आणि फुलांचे कंद न् बिया त्याच बोटभर मातीत पडून पावसाची वाट बघत असतात.

३. फुलं बघायला कधी यावं? एकदाच यायला जमणार असेल तर?

एकदाच जमणार असेल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. पण जमत असेल तर दोनदा या, कारण सड्यावर दर दोन-तीन आठवड्यांनी चित्र बदलतं. पहिले पाऊस झाले की कंदवाले उठतात, त्यात पांढऱ्या फुलांची दिपकाडी कोंकणेन्स, ही कोकणपट्टीच्या आसपासच्या कातळांवरच सापडते, जगात दुसरीकडे नाही, आणि आपल्या शहराच्या कडेला उगवते याचा मला खरंच अभिमान वाटतो. जुलैपासून पाणी साठलेल्या खळग्यांत गेंद, मग सीतेच्या आसवांचा जांभळा-निळा गालिचा, कवल्याची पिवळी फुलं, तेरडा. ऑक्टोबर हीट सुरू झाली की पंधरा दिवसांत सगळं वाळून तपकिरी होतं.

एक गोष्ट मुद्दाम गुडघे टेकून बघा. खळग्याच्या कडेला, जिथं पाणी नुसतं झिरपत असतं, तिथं दवबिंदू नावाचं करंगळीएवढं रोप असतं, लालसर, त्याच्या बारीक पानांवर केसांसारखे तंतू आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला चिकट थेंब. सकाळच्या उन्हात ते चमकतात, चिलटं येऊन बसतात आणि अडकतात, मग पान हळूहळू त्याच्याभोवती वळतं. मातीत नायट्रोजन जवळपास नाहीच म्हणून हे रोप तो किड्यांतून मिळवतं. सीतेची आसवं पण कीटकभक्षीच, फक्त त्याचे सापळे मुळांच्या जागी, चिखलात बारीक फुग्यांसारखे असतात, ते वरून दिसत नाहीत.

४. हे सगळं कासला पण आहे, मग कासलाच का जाऊ नये?

जा की, पण दोन्ही वेगळी आहेत. कास समुद्रसपाटीपासून साधारण बाराशे मीटरवर, आपले सडे पन्नास ते दोनशे मीटरवर, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात. दगड जांभाच आहे पण झाडं सगळी तीच नाहीत, आपली दिपकाडी तिथं मिळणार नाही आणि तिथली बरीच फुलं इथं नाहीत. दुसरा फरक मालकीचा. कास वनखात्याच्या ताब्यात आहे, तिथं रोज तीन हजार माणसांची मर्यादा, ऑनलाइन बुकिंग, ठरलेल्या वाटा हे करता आलं. आपले सडे बहुतेक खाजगी आहेत, गेट नाही, तिकीट नाही, पहारेकरी नाही. त्यामुळे इथं नियम म्हणजे येणाऱ्या माणसाची समज एवढंच काय ते आहे.

५. चालताना पाय कुठे टाकायचा? सगळीकडेच फुलं असतात.

उघडा दगड दिसतोय तिथं टाका. ओला काळसर दगड निसरडा असतो, शेवाळ असतं, तेवढं सांभाळा, पण माती आणि हिरवळ टाळा.

याच्यामागचं कारण नीट समजून घ्या. निसर्गातल्या पर्यटनाचा अभ्यास करणाऱ्यांना बऱ्याच देशांत एक गोष्ट परत परत दिसली आहे की बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या पावलांतच होतं, त्यानंतर तिथूनच आणखी शंभर माणसं गेली तरी भर त्यामानाने कमी पडते. म्हणजे दहा जणांनी दहा नवीन वाटा पाडण्यापेक्षा दहाच्या दहा जणांनी गुरांच्या जुन्या पायवाटेवरून एकामागून एक जाणं कितीतरी चांगलं. याला एक अपवाद आहे, जिथं वाटच नाही आणि थोडी हिरवळ ओलांडावीच लागणार आहे तिथं एका रेषेत जाऊ नका, पसरून जा, म्हणजे एकाच जागी परत परत पाय पडून नवी वाट तयार होणार नाही. पण अशी वेळ क्वचितच येते, थोडा वळसा घेतला की दगड मिळतोच.

फोटोसाठी फुलांत आडवं पडणं, बसणं हे तर नकोच. बोटभर मातीचा थर एकदा दगडावरून सरकला की पुढच्या सरीत वाहून जातो आणि तो परत साठायला आपलं आयुष्य पुरत नाही.

६. गाडी वर नेली तर चालेल का? रस्ता तर दिसतोय.

डांबरी किंवा पक्क्या रस्त्यापर्यंत न्या, तिथं कडेला लावा आणि पुढे चाला. जो रस्ता दिसतोय तो बऱ्याचदा चिरेखाणीच्या ट्रकांचा असतो, तो पण पावसात चिखलाचा होतो आणि मग चिखल टाळायला गाडी बाजूच्या हिरवळीवरून घातली जाते, पुढच्या आठवड्यात तीच वाट होते. फोर बाय फोर जीप घेऊन खळग्यांतून पाणी उडवायचं आणि व्हिडिओ काढायचा हे हल्ली फार वाढलंय, त्या खळग्यांत बेडकांची अंडी आणि पिल्लं असतात, ते पाणी दोन-तीन महिनेच टिकतं आणि त्यांचं सगळं तेवढ्यातच उरकायचं असतं. सायकलवाल्यांसाठी, डिसेंबर ते फेब्रुवारी जुन्या कोरड्या वाटेवरून सायकल चालवायला काही हरकत नाही, पावसात नको.

पुळणीवर गाडी घालणाऱ्यांना पण हेच, भाट्ये असो की आरे-वारे. गावखडी, मालगुंड भागात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, चाकांनी वाळू दाबली जाते आणि चाकोऱ्यांत पिल्लं अडकतात.

७. ही जागा कुणाची? परवानगी लागते का?

कुंपण नाही म्हणजे मालक नाही असं नसतं. बहुतेक सडे खाजगी आहेत आणि एकेका सातबाऱ्यावर वीस-तीस सामाईक हिस्सेदार, त्यातले अर्धे मुंबईत. थोडी गुरचरण, थोडी सरकारी. दोन-चार जण चालायला जाणार असाल तर कुणी अडवत नाही, पण ग्रुप घेऊन जाणार असाल तर आधी गावात जाऊन सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना सांगा, जमल्यास गावातलाच माणूस वाटाड्या म्हणून घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) ओलांडायचा असेल तर बेड्यातून, म्हणजे ये-जा करायच्या फाटकातून जा, रचलेले दगड पाडून नको, त्या दगडांच्या फटीत सरडे, पाली, विंचू सगळ्यांची घरं असतात. देवरहाटी (देवाचं राखलेलं रान) लागली तर गावकरी सांगतील तसं, चपला काढायला सांगितल्या तर काढायच्या, आत जाऊ नका म्हटलं तर नाही जायचं.

८. कातळशिल्पं बघायची आहेत, लोकेशन मिळेल का? खडूने रेषा ठळक केल्या तर चालतात का?

कातळशिल्पं म्हणजे सड्याच्या कातळावर जुन्या काळी कोरलेली चित्रं. त्यांना खडू, चुना, रंग, काही नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, ऊन तिरपं पडलं की कोरलेल्या रेषांत सावली येते आणि सगळं आपोआप उठून दिसतं, भर दुपारी समोर असून दिसत नाही. शिल्पावर पाय देऊ नका, चपला काढून पण नको, कडेनेच बघा. जांभा मऊ असतो, घासून घासून कड बोथट होते.

2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली, रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, रुंढ्ये तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमाळ. शहरातून अर्ध्या दिवसात करायचं तर उक्षी किंवा जांभरूण, दोन्हींकडे जायला नीट रस्ता आहे आणि गावांनी जागा सांभाळल्यात. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की जवळ उभं राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. काही शिल्पांत गेंडा दिसतो, जो आज कोकणात कुठेच नाही, म्हणजे हा मुलूख तेव्हा वेगळाच होता. यादीत नसलेल्या, संरक्षण नसलेल्या जागांची लोकेशन आम्ही देत नाही, कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

९. फुरसं असतं का? विंचू? अजून कशाची भीती?

फुरसं असतं, सड्यावर पहिल्यापासून आहे. दिवसा ते दगडाखाली असतं, म्हणून दगड उलटायचे नाहीत, फटीत हात घालायचा नाही, बूट घालायचे आणि अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय चालायचं नाही. चावलंच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं, मांत्रिक यातलं काही करू नका, माणसाला शांत बसवा, हात किंवा पाय हलू देऊ नका आणि सरळ प्रतिविष मिळेल अशा मोठ्या दवाखान्यात न्या. लाल विंचवाचा दंश पण हलका घेऊ नका, विशेषतः लहान मुलांना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार दाखवून दिल्यापासून यात माणसं वाचतात, पण दवाखान्यात वेळेत पोचलं तरच.

माझ्या मते सापापेक्षा विजेची भीती जास्त धरायला हवी. मेचा शेवट आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडायला लागलं की सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. लांबून आवाज आला की लगेच उताराला लागा, एकट्या झाडाखाली थांबू नका. धुक्यात वाट चुकते हे पण लक्षात ठेवा, कडा कुठे संपतो ते दिसत नाही.

१०. कुत्र्याला मोकळं सोडायला सड्यासारखी जागा नाही, त्याने कुणाला त्रास होतो?

टिटवीला होतो, चंडोलाला होतो. मार्च ते जूनमध्ये टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, घरटं म्हणजे खड्यांनी आखलेला एक उथळ वाडगा, त्यात बहुतेक चार अंडी, टोकं आत केलेली, त्यांच्यावर मातकट आणि काळे डाग. दोन फुटांवर उभं राहून पण पटकन दिसत नाहीत, दोनदा तीनदा नजर फिरवली की मग अचानक दिसतात. कुत्र्याला मात्र वासाने लगेच सापडतात. पक्षी उडून गेला की भर उन्हात उघड्या पडलेल्या अंड्यांचं काही मिनिटांत वाटोळं होऊ शकतं. म्हणून या महिन्यांत कुत्र्याला दोरी हवीच, आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की समजायचं घरटं जवळ आहे, शोधत बसायचं नाही, आलो तसं मागे फिरायचं.

११. रानभाजी काढली तर चालेल? आणि एखादं फुलाचं रोप घरी नेलं तर?

टाकळा, कुर्डू खुशाल काढा, रस्त्याकडेला भरपूर असतो. कुळी, शेवळं गावातल्या बायका काढून बाजारात विकतात, त्यांचं चार पैसे उत्पन्न आहे, तुम्ही त्यांच्याकडून विकत घ्या. कंद उपटायचा नाही, पानं वरून खुडायची. फुलाचं रोप अजिबात नाही, सड्यावरची रोपं कुंडीत जगत नाहीत, त्यांना तसली गरीब माती आणि तसंच झिरपतं पाणी लागतं.

१२. आमच्या संस्थेला सड्यावर वृक्षारोपण करायचंय, जागा सुचवा.

हा प्रश्न फार चांगल्या मनाने विचारला जातो म्हणून उत्तर पण नीट देतो. सड्यावर झाडं लावू नका. तिथं झाडं तोडली म्हणून नाहीत असं नाही, तिथं मातीच नाही म्हणून नाहीत. झाड लावायचं तर कातळ फोडून खड्डा काढावा लागतो, बाहेरून माती आणून भरावी लागते, आणि ज्या खळग्यात गेंद आणि दवबिंदू उगवायचे तो खळगाच जातो. ऑस्ट्रेलियन अकेशिया कातळावर पण तगतो म्हणून पूर्वी खूप लावला गेला, त्याच्याखाली जाऊन बघा, जाड न कुजणारा पाला आणि त्याखाली काही उगवलेलं नाही.

हौस असेल तर व्हाळाच्या कडेला, उजाड उतारावर लावा, जांभूळ, करंज, उंडी, कोकम, ऐन, किंजळ, स्थानिक जे मिळेल ते. आणि सड्यासाठी काही करायचंच असेल तर पावसाच्या आधी कचरा उचला, काचा उचला. त्याचं फार मोल आहे.

१३. गवत जाळल्याने पुढच्या वर्षी चांगलं येतं म्हणतात, खरं का?

गुरं पाळणारी जुनी माणसं सांगतात आणि नवी कोवळी पात लवकर दिसते एवढं खरं. पण हल्लीचे बरेचसे वणवे त्यासाठी लागतच नाहीत, सिगारेट, पार्टीची चूल आणि बाग साफ करताना सुटलेली आग यातून लागतात, आणि ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये खालच्या आंब्याच्या बागेपर्यंत जातात, मोहोर आणि कैरी दोन्ही जातं, शेतकऱ्याचं वर्ष बुडतं. सड्यावर चूल, बार्बेक्यू, कंदील सोडणं, काहीच नको. गुरं चरायला माझा विरोध नाही, ती शेकडो वर्षं चरतायत आणि उंच गवत आटोक्यात राहिलं की बारक्या फुलांना जागा मिळते.

१४. एवढा मोठा सडा आहे, थोडा भाग रस्त्यात, प्लॉटिंगमध्ये गेला तर काय एवढं बिघडतं?

क्षेत्रफळ किती गेलं याच्याइतकंच, उरलेलं किती तुकड्यांत उरलं हे महत्त्वाचं असतं. हिशोब करून बघा. एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचा सलग सडा धरा, म्हणजे शंभर हेक्टर. कडेपासून पन्नास मीटर आतपर्यंत गाड्या, कुत्री, दिवे, कचरा, तण यांचा त्रास पोचतो असं मानलं तर आत शांत असा ८१ हेक्टर उरतो. आता त्यातूनच रस्ते काढून सारखे सोळा तुकडे केले, जमीन जवळपास तेवढीच आहे, पण प्रत्येक तुकडा अडीचशे मीटरचा, आत उरतो दीडशे बाय दीडशे, म्हणजे सव्वादोन हेक्टर, सोळांचे मिळून ३६. एक वीट न रचता निम्म्याहून जास्त शांत जागा गेली.

शिवाय रस्त्याच्या भरावाने पाण्याची वाट अडते, एका बाजूला तळं साचतं, दुसऱ्या बाजूचे खळगे कोरडे पडतात. कोल्ह्याला सड्यावरून खाली व्हाळाकडे उतरायची वाट तुटते मग तो वाडीत शिरतो. रत्नागिरीचा विमानतळ, एमआयडीसी, नव्या वसाहती सगळं सड्यावरच झालं कारण सपाट जागा दुसरी नव्हती, शहराला जागा लागते हे मला कळतं. म्हणूनच उरलेले तुकडे एकमेकांना आणि खालच्या रानाला जोडलेले राहतील असं आत्ताच बघायला हवं.

१५. रील टाकली तर वाईट काय? लोकांना कळायला नको का?

कळायला हवंच, लोक आले नाहीत तर पडीक म्हणून उद्या कुणीही काही करेल. फक्त फुलाचा फोटो टाका, अचूक लोकेशन टाकू नका, "रत्नागिरीजवळ" एवढं पुरे. एका रविवारी एकाच खळग्याभोवती दीडशे माणसं आली तर काय होतं ते प्रश्न ५ वाचून कळेल. ज्या जागेला सांभाळणारं गाव आहे तिचं नाव मात्र मोकळेपणाने घ्या, गावाला त्याचा उपयोग होतो.

१६. ड्रोन उडवता येईल का?

शहराजवळ बहुतेक ठिकाणी नाही. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दल वापरतं आणि 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या आसपासच्या पट्ट्यात परवानगीशिवाय उडवता येत नाही, डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर आधी बघा. परवानगी असली तरी अंडी-पिल्लांच्या महिन्यांत नको आणि कड्यावर समुद्री गरुडाचं घरटं असेल तिथं कधीच नको.

१७. आमची स्वतःची सड्यावर जमीन आहे, होमस्टे बांधायचाय. आम्ही काय करावं?

हक्काची जमीन आहे, बांधू नका असं मी सांगणार नाही. पण आराखडा काढायच्या आधी एक पावसाळा जाऊ द्या, जुलैमध्ये आणि सप्टेंबरमध्ये जमिनीवर फिरून कुठे पाणी साठतं, कुठून वाहतं, फुलं कुठे येतात ते जमिनीच्या नकाशावर पेन्सिलने आखा. घर आणि पार्किंग एका कोपऱ्यात, रस्त्याला लागून घ्या, म्हणजे बाकीचा तुकडा सलग राहील. खळगे भरू नका. पूर्ण जागेला सिमेंटची भिंत नको, जांभ्याचा सुका गडगा घाला, त्यातून पाणी आणि बारीक जीव जातात. सांडपाणी कातळाच्या भेगेत सोडू नका, जांभा ते गाळत बसत नाही, थेट खालच्या वाडीच्या विहिरीत पोचतं. बाहेरचे दिवे खाली तोंड करून लावा आणि रात्री दहानंतर बंद. आणि पाहुण्यांना फिरायला नेण्यासाठी गावातला एखादा गुराखी किंवा पोरगा बघा, त्याला कुठल्या महिन्यात कुठून जायचं नाही हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.